12:1 कॉम्प्रेशनच्या गाडीत कुठलं पेट्रोल टाकावं: साधं, 95 की 100?

सिंहगड_रोडकर

नमस्कार मंडळी. गाडी 373 सीसी, सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड, एफआय (फ्युएल इंजेक्शन), कॉम्प्रेशन 12:1 (म्हणजे सिलिंडरात मिश्रण बारा पटीने दाबलं जातं), बीएस 4 (प्रदूषणाचा जुना निकष), मॉडेल 2018. रोज धायरी ते हिंजवडी, शिवाय अधूनमधून घाट. कात्रजच्या चढावर पाचव्या गिअरला थ्रॉटल उघडला की इंजिनातून बारीक किटकिट येते, डब्यात खडे हलवल्यासारखी. उतारावर किंवा न्यूट्रलला आवाज नाही. मेकॅनिक म्हणतो, "95 टाका, नाहीतर सरळ 100." मॅन्युअलमध्ये 91 ऑक्टेन लिहिलंय. अमेरिकेतले यूट्यूबवाले मात्र "87 पुरे" म्हणतात, त्यामुळे डोक्याचं दही झालंय.

दुसरं, घरात वडिलांची जुनी कार्ब्युरेटरवाली 100 सीसी आहे. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून सकाळी स्टार्ट व्हायला रडते. तिला महागडं पेट्रोल टाकून फरक पडेल का?

टॅपेट_क्लिअरन्स

आधी आकड्यांचा घोळ मिटवू. आपल्याकडे पंपावर आणि मॅन्युअलमध्ये जो आकडा असतो तो आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर). अमेरिकेत आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन्हींची सरासरी लिहितात. त्यांचं 87 म्हणजे आपलं साधारण 91. तुमचं मॅन्युअल आणि ते यूट्यूबवाले एकच गोष्ट सांगताहेत.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. स्पार्क पडल्यावर ज्वाला प्लगपासून पसरत जाते. तोवर कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाब आणि उष्णतेने आपोआप पेटलं की नॉकिंग. पेट्रोल ते किती सहन करतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. गरजेपेक्षा जास्त ऑक्टेन घातलं तर जास्तीचा फायदा तेव्हाच मिळेल, जेव्हा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्पार्कचं टायमिंग पुढे नेऊ शकेल, म्हणजे स्पार्क आधी पाडू शकेल. त्यासाठी नॉक सेन्सर लागतो आणि आपल्याकडच्या बहुतेक सिंगल सिलिंडर गाड्यांत तो नसतो. टायमिंगचा नकाशा ठरलेला. 100 टाकलं काय नि 91 टाकलं काय, स्पार्क त्याच अंशावर पडणार.

आणि 12:1 ऐकून घाबरू नका. हिमालयन 450 बाइकचं 11.5:1 आहे, आर15 चं 11.6:1, दोन्ही साध्या पेट्रोलवर धावतात. लिक्विड कूलिंग आणि चार व्हॉल्व्हचं हेड असलं की एवढं चालतं. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर. हवा थोडी विरळ, म्हणजे मुंबईपेक्षा नॉकिंगची शक्यता उलट किंचित कमीच.

मुख्य मुद्दा हा की साधं पेट्रोल आता ई20 आहे. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन 100 च्या वर, त्यामुळे ई20 चं आरओएन 95 असल्याचं सरकारच सांगतं. मग एक्सपी95 ला (इंडियन ऑइलचं 95 ऑक्टेनवालं महागडं पेट्रोल) लिटरमागे जास्त पैसे मोजून काय मिळतं? ऑक्टेनमध्ये जवळपास काही नाही. मिळतात ती इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह साफ ठेवणारी अ‍ॅडिटिव्ह्ज. ती हवी असतील तर तीन-चार टाक्यांतून एकदा भरा, बास.

एक्सपी100 ची (त्यांचंच 100 ऑक्टेनवालं) गोष्ट वेगळी. 2020 च्या डिसेंबरात ज्या दहा शहरांत ते पहिल्यांदा आलं त्यांत पुणे होतं. त्यात इथेनॉल नाही. भाव साध्याच्या दीडपट. रोजच्या हिंजवडीसाठी म्हणजे पैशाचा धूर.

गिअर_खाली_टाका

पाचव्या गिअरला कात्रज? अहो, तिसऱ्यात या. सिंगल सिलिंडरला 3,000 आरपीएमच्या खाली फुल थ्रॉटल दिला की 100 ऑक्टेनवरसुद्धा कुरकुर करेल. आरपीएम 4,500–5,000 वर ठेवून चढून बघा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतील.

नाना_पेठी

वरचं बरोबर, पण तिसऱ्यातही आवाज आला तर पेट्रोल बदलण्याआधी गाडी तपासा. 91 साठी बनवलेली गाडी 95 वर नॉक करत असेल तर सात वर्षांत काहीतरी बिघडलंय.

पहिलं, तो आवाज नॉकिंगच आहे का? आयडलला येणारी टकटक टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची). थ्रॉटल सोडताना खळखळ असेल तर कॅम चेनचा टेन्शनर बघा. फक्त लोडवर, थ्रॉटल उघडल्यावर येणारी आणि सोडल्याबरोबर थांबणारी किटकिट, ती नॉकिंग. तुमचं वर्णन या तिसऱ्या आवाजाशी जुळतं.

मग प्लग काढा. पांढऱ्या पोर्सलीनवर भिंगातून बघा. मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे किंवा चकचकीत चंदेरी ठिपके असतील तर नॉकिंग पक्कं. चंदेरी म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम उडतंय, त्या दिवसापासून गाडी ताणू नका. पोर्सलीन खडूसारखं पांढरं असेल तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) किंवा प्लग गरम रेंजचा. नाना पेठेत (पुण्याचा स्पेअर पार्ट्सचा बाजार) "चालतो हो, सगळ्यांना हाच लावतो" म्हणून दुसऱ्याच नंबरचा प्लग गळ्यात मारतात. मॅन्युअलमधला नंबर अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. त्यात एक आकडा हीट रेंजचा असतो.

रेडिएटरच्या जाळीत पावसाळ्याचा चिखल वाळून बसतो. साध्या पाइपने मागच्या बाजूने पुढे पाणी सोडा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाती आडवी होतात. कूलंटची पातळी इंजिन गार असताना बघा. मे महिन्यात स्वारगेटच्या सिग्नलला टेम्परेचर वर जाऊन खाली येतच नसेल तर फॅन किंवा थर्मोस्टॅट.

हे सगळं ठीक असेल तर उरतो कार्बन. कायम कमी आरपीएमवर शहरात चाललेल्या गाडीत पिस्टनच्या डोक्यावर थर बसतो. त्याने कॉम्प्रेशन वाढतं, आणि थर तापून राहतो तो वेगळाच.

आता 100 चा खरा उपयोग सांगतो: तपासणीसाठी. टाकी रिझर्व्हला आणा, पाच लिटर एक्सपी100 भरा, तीस-चाळीस किलोमीटर चालवा. मग तोच चढ, तोच गिअर, तोच वेग. आवाज गेला तर नॉकिंग होतं, कार्बन आणि कूलिंगच्या मागे लागा. आवाज तसाच राहिला तर तो यांत्रिक आहे, पेट्रोलवर एक रुपयाही जास्त घालू नका.

बाटलीतला ऑक्टेन बूस्टर मात्र नको. त्यातल्या काहींत मँगनीज असतं, प्लगवर तांबूस थर बसतो आणि ऑक्सिजन सेन्सर मरतो.

पिवळा_जेट

वडिलांच्या 100 सीसीबद्दल. तिला ऑक्टेन मुळीच कमी पडत नाही, त्रास इथेनॉलचा आहे. शुद्ध पेट्रोलला हवा 14.7:1 (वजनाने, एका भागाला 14.7 भाग) लागते, ई20 ला साधारण 13.5:1. एफआय गाडीत ऑक्सिजन सेन्सर आयडल आणि क्रूझिंगला हा फरक भरून काढतो. कार्ब्युरेटरला अक्कल नाही, तो जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या) भोकातून जाईल तेवढंच देतो, म्हणजे गाडी कायम लीन. त्यात इथेनॉलचं बाष्प व्हायला उष्णता जास्त लागते, म्हणून डिसेंबरच्या सकाळी चोक ओढूनही नखरे.

इंजिन गरम करून मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा रिच (पेट्रोल जास्त) करा, अर्ध्या फेऱ्यापर्यंत. आयडल कुठे सगळ्यात स्थिर होतं ते ऐका. काही कार्ब्युरेटरमध्ये तो हवेचा स्क्रू असतो, तिथे दिशा उलटी. तरीही वरच्या वेगाला भुकेली वाटली तर एक नंबर मोठा मेन जेट. फ्लोट बाउल उघडालच तेव्हा ओ-रिंग बोटाने दाबून बघा. फुगलेली, खाचेत परत न बसणारी असेल तर विटॉनची घ्या, साधी नायट्राइल पुन्हा फुगेल. टाकीखालच्या पेट्रोल कॉकची जाळीही काढा. इथेनॉल टाकीतला जुना राळेसारखा थर सोडवतं आणि तो सगळा तिथे येऊन अडकतो.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाउलचा ड्रेन स्क्रू उघडा आणि रिकामा करा. मायलेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या दुचाकींना 3–4 टक्के घट धरलीय.

सिंहगड_रोडकर

धन्यवाद. तिसऱ्यात चढून बघतो, मग प्लग. एकच शंका: पावसात टाकीत पाणी जाऊन इथेनॉल वेगळं होतं म्हणतात. आणि पंपावर भेसळ ओळखायची कशी?

टॅपेट_क्लिअरन्स

दमट हवेतून शोषलं जाणारं पाणी रोज चालणाऱ्या गाडीत नगण्य. खरं पाणी शिरतं ते झाकणापाशी. झाकणाभोवतीच्या खळग्यात बारीक ड्रेनचं भोक असतं, ते मातीने बुजलं की पावसाचं पाणी साचून टाकीत उतरतं. जूनच्या आधी बारीक तार घाला, थोडं पाणी ओतून ते खालच्या नळीतून रस्त्यावर पडतंय का ते बघा. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्याबरोबर तळाशी बसतं. एफआयचा पंप तिथूनच ओढतो, म्हणून गाडी एकदम बंद पडते.

भेसळीसाठी पंपावर फिल्टर पेपर मागा, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडाला तर ठीक, काळसर किंवा तेलकट वर्तुळ राहिलं तर तिथे भरू नका. मशीनवरची डेन्सिटी 15 अंशाला 720 ते 775 मध्ये असायला हवी. पण डेन्सिटी बरोबर आहे म्हणून ऑक्टेन बरोबर असं नाही, ते पंपावर मोजता येत नाही.