दिवाळीनंतर प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट: आईला घेऊन १० रात्री, आखणी कशी करावी?

घोडबंदरकर
भाऊबीज झाली की मी, बायको आणि आई (वय ६९) असे तिघं निघायचं म्हणतोय. हातात १० रात्री आहेत. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि जमलं तर व्हेनिस असा विचार आहे. टूर कंपनी नको, सगळं स्वतःच बुक करायचंय. आईचे गुडघे दुखतात, जिने फार चढवत नाहीत. ती मांसाहार करत नाही, अंडंही चालत नाही. व्हिसा कोणत्या देशाचा काढायचा, रेल्वेची तिकिटं कधी आणि कुठून घ्यायची, रोख किती न्यायची हे नक्की कळत नाहीये. ठाण्या-नवी मुंबईतल्या जाणकारांनी सांगावं.

खारेगाव_नाका
व्हेनिस काढून टाका. व्हिएन्नाहून थेट गाडीनेही साडेसात तासांच्या वर लागतात, म्हणजे एक दिवस गाडीत जातो. शिवाय व्हेनिसमध्ये दर दोन मिनिटांनी पूल येतो आणि पूल म्हणजे पायऱ्या. त्यात नोव्हेंबरमध्ये तिथं भरतीचं पाणी रस्त्यावर यायचे दिवस असतात. दुखऱ्या गुडघ्यांसाठी याहून वाईट शहर शोधून सापडणार नाही.

हिशेब दिवसांचा नको, रात्रींचा करा. शहर बदललं की अर्धा दिवस जातोच: सामान भरणं, स्टेशन गाठणं, नव्या हॉटेलात दुपारी दोन-तीनला खोली मिळणं. आणि नोव्हेंबरच्या मध्याला या तिन्ही शहरांत सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेडातली ठिकाणं सकाळी घ्या. म्युझियम, कॅफे, नाताळबाजार संध्याकाळी. व्हिएन्ना आणि बुडापेस्टचे मोठे नाताळबाजार साधारण नोव्हेंबरच्या मध्याला उघडतात, प्रागचा मुख्य बाजार महिनाअखेरीस. म्हणून प्राग आधी ठेवलं तरी बाजार तिथं मिळणार नाही; तो पुढच्या दोन शहरांत बघा.

प्राग ३, व्हिएन्ना ४, बुडापेस्ट ३. या वाटणीत व्हिसाचाही प्रश्न सुटतो. सर्वांत जास्त मुक्काम ज्या देशात, त्याच देशाकडे शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज करायचा असतो, म्हणजे तुमचा ऑस्ट्रियाकडे. प्राग ४ आणि व्हिएन्ना ४ अशी बरोबरी केलीत तर पहिला प्रवेश कुठून हा मुद्दा निघतो आणि फाइल उगाच गुंतागुंतीची होते. बरोबरी ठेवूच नका.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निकालाला नियमाप्रमाणे १५ दिवस, पण ४५ पर्यंत लांबू शकतो. त्यामुळे नोव्हेंबरसाठी ऑगस्टमध्येच अपॉइंटमेंट घ्या; गणपतीनंतर बघू म्हणाल तर दिवाळीवाल्यांची गर्दी लागते. फी मोठ्यांना ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा. पासपोर्ट परतीनंतर किमान ३ महिने वैध, गेल्या १० वर्षांत दिलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा आणि निघण्यापासून परतीपर्यंतच्या सगळ्या तारखा झाकणारा. आईंना बीपी-शुगर असेल तर आधीपासूनच्या आजाराचं कव्हर वेगळं विचारा; व्हिसासाठी चालणाऱ्या सर्वांत स्वस्त पॉलिसीत ते बहुतेक वेळा नसतं.

फाइल अडकते ती दोन ठिकाणी. एक, अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम मोठी रक्कम येते आणि तिचा खुलासा नसतो. खात्यावर तीन महिने पगार-खर्च सुरळीत दिसणं हे शिल्लक रकमेइतकंच महत्त्वाचं. दोन, आईंचा खर्च मुलगा करतोय हे कागदावर कुठंच नसतं. तुमचं पत्र, तुमचे आयटीआर आणि नातं दाखवणारा कागद आईंच्या फाइलमध्येही स्वतंत्रपणे लावा, फक्त तुमच्या फाइलमध्ये नको. हॉटेलं व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येण्याजोगीच घ्या.

विमान ‘मल्टी सिटी’ने शोधा: जाताना मुंबई–प्राग, येताना बुडापेस्ट–मुंबई. जाऊन-येऊन प्रागचंच घेतलंत तर शेवटी बुडापेस्टहून प्रागला परत जाण्यात एक दिवस आणि तीन तिकिटं फुकट जातात.

ऐरोली_सेक्टर८
रेल्वेचं मी सांगतो. प्राग–व्हिएन्ना साधारण ४ तास, व्हिएन्ना–बुडापेस्ट २ तास ४० मिनिटांच्या आसपास. चेक रेल्वे आणि ऑस्ट्रियन रेल्वे (ओबीबी) या दोघांच्या साइटवर एकाच गाडीचे भाव वेगळे दिसू शकतात, म्हणून दोन्हीकडे बघून मग घ्या. लवकर काढलेलं सवलतीचं तिकीट त्याच तारखेच्या त्याच गाडीला बांधलेलं असतं. गाडी चुकली तर तिकीट गेलं. म्हणून व्हिसा आला की लगेच काढा, त्याआधी नको.

इथल्या माणसाला हमखास चकवणारी गोष्ट: तिकीट म्हणजे सीट नव्हे. आपल्याकडे लांबच्या गाडीचं कन्फर्म तिकीट म्हणजे बर्थ आलाच. तिकडे रेलजेटचं (या मार्गावरच्या वेगवान गाडीचं) साधं तिकीट फक्त गाडीत चढायचा हक्क देतं, सीट आरक्षण वेगळं आणि थोड्या युरोंत मिळतं. तिघांनी ते घ्याच, नाहीतर आईंना मधल्या स्टेशनवर उठावं लागेल. सीटच्या वरच्या पाटीवर कुठून कुठपर्यंत आरक्षित ते लिहिलेलं असतं.

शहरातल्या तिकिटांचा दुसरा सापळा. मेट्रोला बहुतेक ठिकाणी गेट नाही. कागदी तिकीट घेऊन यंत्रात शिक्का मारला नाहीत तर तिकीट असूनही दंड होतो आणि तपासनीस पर्यटक म्हणून सोडत नाहीत. प्रागला यंत्र पिवळं, व्हिएन्नाला निळं. तासांच्या पासाला शिक्का एकदाच, पहिल्या प्रवासात. २४ किंवा ७२ तास तिथून मोजायचे. प्रागमध्ये एसएमएसचं तिकीट चेक सिमवरच चालतं, आपल्या रोमिंगवर नाही. अॅपमधलं तिकीट ट्राममध्ये चढण्याआधी सुरू करा. ते वैध व्हायला थोडा वेळ लागतो.

बुडापेस्टचा ७२ तासांचा पास विमानतळाच्या १००ई बसला चालत नाही, तिचं तिकीट वेगळं. तसंच व्हिएन्नाचा शहरपास विमानतळापर्यंत पोचत नाही. तुम्ही तिथून उडणार नाही म्हणून तुम्हाला लागणार नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी: हिरवी ‘कॅट’ गाडी १६ मिनिटांत नेते, एस७ लोकल पंचवीसेक मिनिटांत आणि बऱ्याच कमी पैशांत.

रोख: युरो फक्त ऑस्ट्रियात. चेक कोरुना आणि हंगेरीचे फोरिंट इथून नेऊ नका, भाव वाईट मिळतो. तिघांत २००–२५० युरो रोख पुरेत, बाकी कार्ड. युरो भरलेल्या फॉरेक्स कार्डाने प्रागमध्ये पैसे दिलेत की युरोचे कोरुना करताना वेगळा आकार लागतो, म्हणून शून्य मार्कअपचं (परदेशी चलनातल्या खर्चावर जादा आकार न लावणारं) एखादं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड सोबत हवं. निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार आणि टॅप-पेमेंट दोन्ही सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे ते मुळात बंद असतात. आणि यंत्राने ‘रुपयांत घ्यायचे की कोरुनांत?’ विचारलं तर दरवेळी तिथलंच चलन निवडा. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण त्यात दर दुकानाची किंवा एटीएमची कंपनी ठरवते आणि तो तुमच्या बँकेपेक्षा बराच वाईट असतो.

प्रागच्या चौकात नोटा बदलून देणाऱ्या माणसाकडे थांबूच नका. कोरुनांऐवजी दुसऱ्या देशाच्या बाद नोटा हातात येतात. दुकानात बदलून फसलात तर पावती जपा. चेक कायद्यानुसार २०१९ पासून १००० युरोपर्यंतचा असा व्यवहार ३ तासांच्या आत रद्द करता येतो.

घोडबंदरकर
खूप आभार. व्हेनिस रद्द. हॉटेल कुठल्या भागात घ्यावं? आणि किल्ले-राजवाडे आईला झेपतील का? जेवणाचंही कोणी सांगा.

सीवूड्स_पूर्व
झेपतील, वाट नीट निवडली तर. प्रागचा किल्ला टेकडीवर आहे आणि बहुतेक लोक नदीकडून चढून जातात. तुम्ही २२ नंबरची ट्राम धरा आणि ‘प्राझ्स्की ह्राड’ थांब्यावर उतरा. तिथून किल्ल्यापर्यंत जवळपास सपाट आहे. बुडापेस्टला मध्यवर्ती देआक तेर चौकातून १६ नंबरची बस थेट बुडा किल्ल्यावर जाते. शहर बघायला डॅन्यूबच्या काठाने जाणारी २ नंबरची ट्राम उत्तम, पण तिचे डबे जुने आणि पायऱ्या उंच आहेत, चढताना आईंना हात द्या. ४ आणि ६ नंबरच्या ट्राम जमिनीलगतच्या आहेत. मेट्रोत एम४ ला लिफ्ट आहेत, एम२ आणि १८९६ ची जुनी एम१ टाळलेली बरी.

हॉटेल प्रागला नामेस्ती रेपुब्लिकी चौकाजवळ, व्हिएन्नाला मुख्य स्टेशनजवळ किंवा यू१ मेट्रोच्या रेषेवर, बुडापेस्टला देआक तेरच्या आसपास. तिथूनच १००ई सुटते. पण केलेती स्टेशनवर उतरल्यावर सामान घेऊन एम२ मध्ये शिरू नका, सरकते जिने खोल आणि वेगवान आहेत. टॅक्सी घ्या, बुडापेस्टच्या अधिकृत टॅक्सी पिवळ्या आणि दर ठरलेले. बॅगा मोठ्या चाकांच्या हव्यात, प्रागच्या दगडी फरशीत छोटी चाकं अडकून तुटतात.

बुडापेस्टचं गेलेर्ट हे गरम पाण्याचं स्नानगृह ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, २०२८ पर्यंत. तिथलंच सेचेनी स्नानगृह घ्या, बाहेरचं गरम पाणी गुडघ्यांना सुखाचं असतं. चपला आणि टॉवेल घरूनच न्या. व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम नोव्हेंबरात सोमवारी बंद. आणि रविवारी ऑस्ट्रियात दुकानं बंद असतात. दूध-ब्रेड शनिवारीच आणा, राहिलंच तर मुख्य स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं.

जेवण. तिकडे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मांस निघतं, अंडं राहतं. सूपही बहुधा मांसाच्या पाण्यातलं असतं. म्हणून शब्द नेमके वापरा. जर्मनमध्ये ‘ओने फ्लाइश, ओने आय’: मांस नको, अंडं नको. चेकमध्ये ‘बेझ मासा’, हंगेरीत ‘हूश नेल्क्यूल’, पण या दोन्हींचा अर्थ फक्त मांस नको एवढाच. चेक तळलेलं चीज सगळीकडे मिळतं, पण त्याच्या पिठात आणि सोबतच्या टार्टर सॉसमध्ये अंडं असतं. हंगेरीचा लांगोश, म्हणजे चीज-लसूण घातलेली मोठी तळलेली भाकरी, आईंना आवडेल. तो चरबीत तळलाय का एवढं विचारा, चरबीला ‘झीर’ म्हणतात. स्वयंपाकाची जागा असलेलं घर घ्या आणि पोहे, मेतकूट, उपम्याचं तयार पीठ, थालिपिठाची भाजणी न्या.

एक गोष्ट मात्र घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, बर्फी, पनीर सगळं त्यात येतं. फराळातून तेलातला चिवडा, शेव, कडबोळी घ्या. ठेचा आणि लोणचं चेक-इन बॅगेत. हातातल्या बॅगेत १०० मिलीवरचं काही चालत नाही.

कोपरी_पूल
दोन गोष्टी राहिल्या. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १३ तारीख, पहाटे ०१:३० असेल तर घरून १२ च्या रात्री साडेनऊला निघायचं. प्रागच्या हॉटेलची पहिली रात्र मात्र १३ चीच. विमानतळही तिकिटावर नीट वाचा: बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. जोडतिकिटात हे दोन वेगवेगळे आले तर मधला प्रवास तुमच्या गळ्यात.

आणि फ्रँकफर्ट किंवा तत्सम ठिकाणी विमान बदलणार असाल तर शेंगेनची इमिग्रेशन तिथंच होते, प्रागला नाही. नव्या ईईएस पद्धतीत (शेंगेनमध्ये येण्या-जाण्याची संगणकीय नोंद) पहिल्या प्रवेशाला चेहऱ्याचा फोटो घेतात, रांग हळू सरकते. दोन विमानांत अडीच तासांहून कमी अंतर घेऊ नका आणि बुकिंग करतानाच आईंसाठी व्हीलचेअर मागा. ती मोफत असते, आणि मुंबईच्या काउंटरपासून प्रागच्या बाहेरच्या दारापर्यंत प्रत्येक विमानतळावर तिथले मदतनीस मिळतात.