घरची चिली: तुम्ही कशी करता?

मंडळी, थंडी पडली की आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी बिडाच्या भांड्यात चिली, म्हणजे मिरचीच्या दाट रश्शात शिजवलेलं मांस किंवा राजमा, रटरटत असते. इथे अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत ती आता रुळली आहे. तुमच्या ओट्यावरची कृती ऐकायची आहे. मिरच्या कोणत्या, राजमा घालता का, दाटपणा कशाने आणता, सगळं लिहा.

माझा सगळा भर मिरचीवर. दुकानातल्या तयार चिली पावडरीत जिरं, लसूण, ओरेगानो आधीच मिसळलेलं असतं. सोयीची आहे, पण अख्ख्या मिरच्यांची सर तिला नाही. पाच-सहा अँचो (वाळवलेल्या पोब्लानो) आणि दोन-तीन ग्वाहियो, या वाळवलेल्या मेक्सिकन मिरच्या घेऊन देठ-बिया काढायच्या, कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंतच शेकायच्या. करपल्या की सगळा रस्सा कडू. अर्धा तास गरम पाण्यात भिजवून गंधासारखं वाटण करायचं. कांदा-लसूण परतला की जिरेपूड, मग हे वाटण तेल सुटेपर्यंत. एवढं एक किलो मटणाला पुरतं.

ऑस्टिनहून

ताई, मिरच्यांचं अगदी पटलं. राजमा मात्र आमच्याकडे नाही! टेक्सासने 1977 साली चिलीला राज्याचा पदार्थ म्हणून मान दिला, आणि इथली चिली म्हणजे मांस आणि मिरची. 19व्या शतकात सॅन अँटोनियोच्या चौकांत मेक्सिकन वंशाच्या बायका संध्याकाळी चुली मांडून चिली विकायच्या. 'चिली क्वीन्स' म्हणत त्यांना. पुढे आरोग्याच्या नियमांनी त्यांचे ठेले उठले. या पदार्थाचं श्रेय पहिल्यांदा त्यांना द्यावं असं मला मनापासून वाटतं.

आम्ही गोमांस खात नाही, म्हणून बोकडाच्या खांद्याचे लहान तुकडे. थोडे थोडे टाकून खरपूस परतायचे. एकदम टाकले की पाणी सुटतं आणि ते नुसते शिजतात. मंद आचेवर अडीच-तीन तास. शेवटी दोन चमचे मासा हरिना (मेक्सिकन पद्धतीचं मक्याचं पीठ) पाण्यात कालवून घातलं की रस्सा छान मिळून येतो.

सिनसिनाटीहून

आमच्या गावची रीत वेगळी. मॅसेडोनियाहून आलेल्या भावांनी 1922 साली ती इथे सुरू केली. दालचिनी घातलेली पातळ चिली स्पॅगेटीवर ओततात आणि वर किसलेल्या चीजचा ढीग. खिमा आधी परतत नाहीत, थेट पाण्यात मोकळा करून शिजवतात, म्हणून इतका मऊ होतो. घरी मी टर्कीचा खिमा घेते.

न्यू जर्सीहून

आम्ही शाकाहारी, त्यामुळे राजमा हवाच. सोबत मूठभर दलिया, त्याने खिम्यासारखा पोत येतो. कळकळीने सांगते, कच्चा लाल राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. ते मंद आचेवर जात नाही, आणि मग उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, अर्धा तास खळखळून उकळा किंवा सरळ कुकरला लावा. टोमॅटो राजमा शिजल्यावरच घाला, आंबटाने तो टणक राहतो.

पुण्याहून

इथे अँचो सहज मिळत नाही. मी रंगाला ब्याडगी घेते, तिखटपणाला एखादी लवंगी. धुरकट चवीसाठी शेवटी पेटत्या कोळशावर तूप सोडून पाच मिनिटं झाकण. चिपोटलेचा, म्हणजे धुरावलेल्या हालापेन्यो मिरचीचा, वास थोडाफार येतो. अगदी तोच नाही, पण घरात सगळ्यांना आवडतो. सोबत मक्याची भाकरी.

एक विचारायचं होतं: मासा हरिनाऐवजी साधं मक्याचं पीठ चालेल का?

ऑस्टिनहून

चालेल. मासा चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं, तो वास साध्या पिठाला येणार नाही. पीठ आधी कोरडंच खमंग भाजा आणि घातल्यावर पंधरा मिनिटं तरी शिजू द्या, नाहीतर कच्चट लागेल. आणि जमलं तर आदल्या दिवशी करून ठेवा. मुरलेली चिली जास्त चांगली लागते.