'हेतारे' नायकाला मराठीत काय म्हणावं?

रानजाई
जपानी बीएल मांगाच्या (दोन पुरुषांच्या प्रेमाच्या चित्रकथेच्या) अनुवादात एका शब्दावर गाडी अडली आहे. जोडीत पुढाकार घेणारा तो 'सेमे' (सेमेरु म्हणजे चढाई करणे) आणि दुसरा 'उके' (उकेरु म्हणजे स्वीकारणे), इथपर्यंत ठीक. पण एक ठरलेला सेमे असतो: कामात वाघ, भांडणात पुढे, आणि मनातलं सांगायची वेळ आली की गळपटतो. स्टेशनवर गाडी येता येता 'अनो सा...', म्हणजे 'ऐक ना...', म्हणतो, समोरचा 'काय?' विचारतो, हा 'नान्देमोनाइ', म्हणजे 'काही नाही', म्हणतो. गाडी निघून जाते आणि पुढच्या खंडापर्यंत तेच. वाचकाचा जीव मेटाकुटीला येतो. याला तिकडे 'हेतारे' म्हणतात. मसुद्यात 'भित्रा' आहे, त्यावर आक्षेप आलाय.

कानामात्रा
आक्षेप बरोबर आहे. भित्रा संकटाला भितो. इथे संकट कुठलं? समोरचा होकार घेऊन बसलेला असतो. मराठीत तयार शब्द आहे: कचखाऊ. ऐनवेळी कच खाणारा. 'बोलायला कचरत नाही'मधलं कचरणंही त्याच घरातलं.

उकार
कचखाऊ अग्रलेखात शोभतो, 'सरकारचं कचखाऊ धोरण'. पंचविशीतल्या उकेच्या तोंडी 'किती कचखाऊ आहेस' येणारच नाही. 'खाल्लीस ना परत कच?' येईल. जपानीत नाम आहे म्हणून मराठीतही नामच हवं, हा हट्ट सोडा. संवादाच्या फुग्यात क्रियापद घ्या, नाम लागलंच तर पुस्तकाच्या पाठच्या मजकुराला ठेवा.

माजघर
मुळाकडे बघा. हा कान्साईचा, ओसाकाकडच्या बोलीतला शब्द. 'हेतारेरु' म्हणजे अंगातलं बळ जाऊन मटकन बसणं. मराठीत ते ढेपाळणं. गुळाची ढेप पावसाळ्यात पाझरते, आकार सोडते, तसा हा माणूस.

कानामात्रा
ढेप गुळाचीच कशावरून? शेतातलं ढेपूळ पाणी लागलं की विरतं, ढेपाळणं तिथलं. आणि कोल्हापूरच्या बाजारात गुळाच्या त्या गोळ्याला रवा म्हणतात.

सावरी
हेतारे तसाच ठेवा. मांगा ठेवलंत, सेमे-उके ठेवलेत, मग यालाच सोवळं कशाला? हे वाचणाऱ्यांना 'त्सुन्देरे'सुद्धा माहीत असतो: त्सुनत्सुन म्हणजे फटकून वागणं, देरेदेरे म्हणजे लाडात येणं, दोन्ही मिळून एक शब्द. त्याला 'मानी' म्हटलंत की अर्धाच उरतो. लाडात येण्याचा भाग गेला.

उकार
सेमे-उके या नात्यातल्या जागा आहेत, त्यांना मराठीत जोड नाही. हेतारे हा स्वभाव आहे, आणि स्वभावाला शब्द नाही असं मराठीत होत नाही: भिडस्त, घुमा, बुजरा, आतल्या गाठीचा. शिवाय एक ठेवला की सगळे ठेवावे लागतात. 'दोन्कान' देवनागरीत लिहून बघा, वाचक 'दोन कान' वाचणार. मूळ अर्थ दोन् म्हणजे बोथट आणि कान् म्हणजे जाणीव. समोरचा तीन वर्षं रोज डबा आणून देतोय आणि याला पत्ता नाही, तो हा.

सावरी
दोन्कानला मठ्ठ?

उकार
नाही. मठ्ठ बुद्धीने असतो, हा परीक्षेत पहिला येऊ शकतो. मख्खही नको, तो चेहऱ्याचा गुण. एका शब्दाची ओढ सोडून 'याच्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ' असं वाक्यच द्यावं.

रानजाई
हेतारेवर परत यायचंय, पण त्याच पानावर मोठा पेच आहे. शेवटी तो कसाबसा 'सुकी दा', म्हणजे नुसतं 'आवडणं', म्हणतो. जपानीत कर्ता नाही, कर्म नाही. त्यामुळे उकेला वाटतं की मागे वाजणाऱ्या गाण्याबद्दल बोलतोय, आणि गैरसमज खंडभर चालतो. मराठीत 'आवडतोस' म्हटलं की सगळं उघडं पडतं. 'आवडतं' म्हटलं की ते गाण्याचंच होतं.

माजघर
क्रियापद कर्माच्या मागे जातं तिथेच घात आहे. कर्माची खूण लागणार नाही अशी रचना घ्या: 'जीव जडलाय माझा.' गाण्यावर की माणसावर, कळत नाही.

कानामात्रा
'जीव जडलाय' नाट्यगीतात शोभेल. ज्याला 'काही नाही'पलीकडे बोलता येत नाही, तो असं बोलेल? 'माझं प्रेम आहे' मध्येही कर्म झाकतं, पण ते 'आइशितेरु'च्या, म्हणजे जपानीतल्या गंभीर प्रेमकबुलीच्या, वजनाचं. सुकी हलका असतो, म्हणून तर तो निसटू शकतो.

सावरी
'फार आवड आहे मला.' आवड नाम आहे, कुणाची ते सांगत नाही.

उकार
गाण्याची आवड असते. माणसाची आवड आहे असं कोण म्हणतं? उकेचा गैरसमज पटेल, पण पुढच्या खंडात खुलासा होतो तिथे वाचकाला हे वाक्य मागे जाऊन माणसाला लावता आलं पाहिजे. ते लागणार नाही. अर्धवट तोडा: 'मला ना... आवड...' आणि फुगा तिथेच संपवा. हेतारेला शोभतं आणि व्याकरणही सुटतं.

माजघर
तोडलेलं वाक्य पटलं. ढेपेचं मात्र सोडत नाही. विदर्भात ढेप म्हणजे सरकीची, जनावरांची. पश्चिमेकडे तिलाच पेंड म्हणतात. पाण्यात भिजत घातली की फुगते आणि मोकळी होते. ढेपूळ, गूळ, सरकी, तिन्हीकडे पाणी लागल्यावर आकार सुटणं हेच आहे.

कानामात्रा
सरकीची ढेप घाण्यात दाबून केलेली असते, ती मुळात कडक. ढेपाळणारा आधी कडक असतो का?

रानजाई
हेतारे असतो. भांडणात पुढे असतो, वर लिहिलंय.