चुलत्यांची मॅटाडोर राहण्याजोगी करायची आहे, सल्ला हवा

दुधनाकाठ (सेलू)

नमस्कार मंडळी. आमच्या चुलत्यांची १९८९ची टेम्पो मॅटाडोर व्हॅन आहे, एफ-३०७ मॉडेलची, खिडक्यावाली. शेतात गोठ्याच्या बाजूच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी आहे. चुलते वारले. त्यांची पोरं पुण्याला, त्यांना तिचं काही नाही. "भंगारवाला मागतोय, तू नेत असशील तर ने" म्हणाले. मला मात्र ती कापायला द्यायची इच्छा होईना. याच गाडीतून आमच्या घरातली निम्मी वऱ्हाडं गेलीत.

डोक्यात असं आहे की मागची बाकडी काढून पलंग, लहान ओटा, पाण्याची टाकी बसवायची. आई, बायको, दोन लेकरं. माहूर, औंढा, वेरूळ-अजिंठा, नळदुर्ग असं सुट्टीत फिरायचं आणि रात्री गाडीतच झोपायचं. इंजिन मर्सिडीजचं २.४ लिटर आहे असं इथला मिस्त्री म्हणतो. पंखा हातानं फिरवला तर फिरतो. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा मात्र गेलाय, खालची माती दिसते.

प्रश्न तसे बरेच आहेत. मिस्त्री म्हणतो इंजिन काढून बोलेरोचं टाकू. आरसी चुलत्यांच्याच नावावर, मुदत संपलेली. एसी बसवता येईल का? खर्च चारेक लाखांत बसवायचा आहे. सुरुवात कुठून करू?

जिन्सीचा पोऱ्या (छ. संभाजीनगर)

भाऊ, सगळ्यात आधी एक करा, बॅटरी लावून सेल्फ मारू नका. उत्साहात प्रत्येक जण हेच करतो.

आणि इंजिनाकडे नंतर या. आधी गाडीखाली झोपा. हातात स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी घ्या आणि पत्रा वाजवत चला. टणटण वाजला तर पत्रा शाबूत, भद आवाज आला तर आतून गेलाय. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी, दाराखालचे उंबरे, चाकांवरच्या कमानी, छताची पन्हळ आणि जुन्या मॅटिंगखालचा सगळा फ्लोअर. मॅटिंग उचलल्याशिवाय पेंटरशी बोलूच नका. पायाखालचा पत्रा जातो तो बहुतेक वेळा खालून आलेल्या पाण्यानं जात नाही. पुढच्या काचेचं रबर वाळतं, पावसाचं पाणी आतून उतरतं आणि मॅटिंगखाली साचून राहतं. म्हणजे रबर न बदलता पत्रा टाकला तर दोन पावसाळ्यांत तिथंच परत भोक.

पत्रा मारताना सीओटू वेल्डिंगवाला शोधा. गेटं-ग्रिल करणारा साध्या रॉडनं मारायला बसला की पत्रा जळून भोक मोठं होतं. २० गेजचा पत्रा घ्या, जाड घालायचा मोह नको. टाके सोडून सोडून मारायचे, एका दमात रेघ ओढली की पत्रा लाटा मारतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची आणि अल्टरनेटरची वायर काढून ठेवायची. नंतर जोडावर आतून-बाहेरून एपॉक्सी प्रायमर, आणि पोकळ जागेत मेण किंवा गंजरोधक तेल फवारायचं. नुसता रेड ऑक्साइड मारून वर लांबी (पुट्टी) भरणारा पेंटर दिसला की दुरून नमस्कार.

आमच्याकडं जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात कधी दाराच्या कड्या, काच वर-खाली करायचे हँडल असलं सापडतं. जुना नग खिशात घेऊन जा, तोंडी वर्णनावर कुणी काही देत नाही.

बालाघाटी (अंबाजोगाई)

पत्रा बित्रा नंतर. मी कागदांचीच कामं करतो म्हणून सांगतो, कागद होत नसतील तर या गाडीवर रुपया घालू नका.

आरसी बुकात तीन गोष्टी बघा: वर्ग खासगी आहे की ट्रान्सपोर्ट, बॉडीचा प्रकार काय लिहिलाय, आणि बँकेचा बोजा चढलेला आहे का. बोजा असेल तर तो उतरवायला बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ लागेल. मालक वारलेत, म्हणून नेहमीच्या खरेदी-विक्रीचा फॉर्म २९-३० नाही, वारसाचा फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. पुण्याची पोरं आज "ने" म्हणतात, ते कागदावर घ्या. गाडी चकाचक झाल्यावर नात्यांचा सूर बदलतो.

खासगी गाडी असेल तर १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५ वर. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीला त्याचं शुल्क १० हजार झालंय. वर पर्यावरण कर आणि उशिराचा महिन्यागणिक आकार वेगळा. १९८९ची नोंद म्हणजे जुन्या रजिस्टरात असणार. ती ऑनलाइन दिसत नसेल तर आधी परभणीच्या आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्या, त्याशिवाय पुढचा एकही अर्ज सरकत नाही. उच्च सुरक्षा क्रमांकाची पाटीही (एचएसआरपी) लागणार, एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती आहेच.

आता मूळ दुखणं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणीत जे लिहिलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावलं. कायम बसवलेला ओटा-पलंग, कापलेलं छत, वाढवलेली उंची हे सगळं त्यात येतं. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन (आत राहण्याजोगी गाडी) हा वर्ग नियमांत आहे, मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे, पण ते कारखान्यातून पास होऊन येणाऱ्या गाडीला धरून लिहिलंय. एकट्या माणसाला जुन्या गाडीवर तो शिक्का मिळवणं अवघड. म्हणून माझं मत सरळ आहे: बॉडीला हात लावू नका, सीटच्या मूळ बोल्टांच्या भोकांवरच बसणारं आणि पान्यानं निघणारं फर्निचर करा. पासिंगच्या दिवशी बाकडी परत बसवता आली पाहिजेत. तरी आरटीओला आधी लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. न कळवता गेलात आणि काही झालं तर दावा तिथंच अडकतो.

वसमतवाला

मग व्हिंटेजमध्ये नोंदवा की. तो नवा नियम आलाय ना, नंबरही भारी मिळतो.

बालाघाटी (अंबाजोगाई)

तो नियम जुलै २०२१चा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण लागतात. ही तर १९८९ची. शिवाय चॅसी, बॉडी, इंजिन मूळ रूपात पाहिजे, नवीन नोंदणीचे २० हजार, आणि एवढं करून ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-डिझेल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. आईला माहूरला नेणं त्यात बसत नाही.

दुधनाकाठ (सेलू)

आरसी मिळाली. उंदरानं कोपरा खाल्लाय पण नंबर वाचता येतोय. खासगीच आहे, बोजा दिसत नाही. चॅसीवरचा नंबर शोधला, शेवटचे दोन आकडे गंजानं भरलेत. मिस्त्री म्हणतो ग्राइंडर मारून साफ करतो.

बालाघाटी (अंबाजोगाई)

अहो थांबवा त्याला! ग्राइंडर लावला आणि आकड्याची खोली गेली की ती गाडी कागदावर मेली. वर चोरीचा संशय. गंज मऊ करायचं तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी पितळेच्या ब्रशनं हलकं घासा, रॉकेलनं पुसा, मग कागद ठेवून पेन्सिलीची छाप घ्या. उजेड बाजूनं टाकून मोबाइलवर फोटोही काढा. छाप स्पष्ट आली की वरून ग्रीस लावून ठेवा. तपासणीला हीच छाप मागतात.

लातूरकर डिझेल

काय बोलेरोचं इंजिन टाकायलाव राव! मिस्त्रीला विचारा, मॅटाडोरची कोणती चाकं ओढतात? पुढची. बोलेरोचं इंजिन-गिअरबॉक्स मागची चाकं फिरवायला बनलेलं. ते बसवायचं म्हणजे खालून प्रोपेलर शाफ्ट न्यायचा, मागं हाउसिंग टाकायचं, फ्लोअर कापायचा. मॅटाडोरचा सगळा मजाच त्या खालच्या सपाट फ्लोअरमध्ये आहे. मधून शाफ्ट जात नाही म्हणूनच गाडी ठेंगणी आणि आत उभं राहायला जागा. त्यात इंजिन बदलायला परवानगी वेगळीच.

तुमचं इंजिन ओएम ६१६ असेल तर नशीबवान आहात. मर्सिडीजच्या २४० डी कारमध्ये हेच होतं आणि आपल्याकडं ट्रॅक्समध्येही हेच आलं. त्यामुळं पिस्टन-रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, हीटर प्लग यांची फार ओढाताण होत नाही.

पहिल्यांदा चालू करायचं असं. जुनं डिझेल पूर्ण काढा आणि टाकी उतरवून धुवा, आत चिकट गाळ निघतोच. दोन्ही फिल्टर, ऑइल, कूलंट, पट्टे नवे. हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी पुली बोल्टवर पाना लावून हातानं दोन-चार फेरे. अडलं तर जोर लावू नका. फिरतंय म्हटल्यावर प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ मारा, ऑइलचं प्रेशर येईपर्यंत. मग प्लग बसवा, डिझेलची एअर काढा आणि चालू करा. थंड इंजिनावर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट इनलेटला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.३० मिमी. पंप आणि नोझल एकदा कॅलिब्रेशनला द्या, त्यात कंजुषी नको. सकाळी चालू करताना पांढरा धूर आणि थरथर असेल तर आधी हीटर प्लग तपासा, लगेच "इंजिन बसलं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

दुखणं येणार ते ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचं. त्याचे रबरी बूट फाटले की आत आपली माती जाते आणि जॉइंट खलास. तो भाग आता सहजी मिळत नाही, म्हणून थोडे पैसे वाचवायला बूट जुने ठेवू नका.

नाथसागर (पैठण)

माझ्याकडं जुनी ट्रॅव्हलर आहे, आत झोपायची सोय केलेली, म्हणून उन्हाचं आणि वजनाचं बोलतो.

वजन आधी. पाणी १ लिटरला १ किलो. १०० लिटरची टाकी, बॅटऱ्या, गॅस, आईचं सामान हे सगळं मागच्या चाकांच्याही मागं टाकलं की पुढची बाजू हलकी होते. तुमची तर पुढचीच चाकं ओढणार. डांबरावर कळणार नाही, पण पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर किंवा ओल्या चढावर चाकं जागच्या जागी फिरतील. टाकी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध, फ्लोअरलगत. फर्निचरला जाड प्लाय नको.

एसीचा नाद सोडा. १२ व्होल्ट १०० एएचची (अँपिअर-तास) लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा युनिट. लहानात लहान एसी ती दीड-दोन तासांत रिकामी करतो. तीच बॅटरी ३० वॅटचा पंखा रात्रभर चालवून, लहान १२ व्होल्टचा फ्रिज सांभाळून सकाळी शिल्लक राहते. छतावर ३०० वॅटच्या आसपासचं एक पॅनेल टाकलं की आपल्या उन्हात ती दिवसा परत भरते.

गारव्यासाठी छत पांढरं करा आणि पत्र्याला आतून बंद पेशींच्या रबराची शीट चिकटवा. काचलोकर नको, धक्क्यांनी खाली बसते आणि ओल धरून पत्रा खाते. एप्रिल-मेमध्ये १२ व्होल्टचा लहान कूलर आपल्याकडं उत्तम चालतो कारण हवा कोरडी. पण तो पाणी पितो, तेव्हा टाकीचा हिशोब त्यात धरा. आषाढ-श्रावणात तोच कूलर आतली गादी ओली करतो, तेव्हा नुसता पंखा आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना जाळी. धरणाकाठी डास किती असतात ते वेगळं सांगायला नको.

वसमतवाला

एसी नाही म्हणता, पण चालत्या गाडीत इंजिनवर चालणारा लावता येतो की.

नाथसागर (पैठण)

येतो, चालताना चालेल. रात्री इंजिन चालू ठेवून झोपणार का? बंद शेडमध्ये किंवा भिंतीलगत उभी असेल तर धूर आत येतो. लेकरं आहेत आत.

गॅसचंही तेच. ५ किलोची टाकी पुरते, पण तिला वेगळी पेटी, बाहेरून उघडणारी, आणि पेटीच्या तळाला भोकं. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो. वरची खिडकी उघडी होती म्हणून काही होत नाही असं नसतं. झोपताना टाकीवरूनच बंद.

अजिंठारोड (सिल्लोड)

अजिंठ्याचं लक्षात ठेवा, गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटलाच लावावी लागते, पुढं लेण्यांपर्यंत बसनं. तुळजापूर, औंढा, माहूरला भक्तनिवासाच्या आवारात विचारून लावायची. म्हैसमाळला हिवाळ्यात बरं वाटेल. गौताळ्यात रात्री थांबायचं मनात आणू नका, अभयारण्य आहे.

पुण्यातला परभणीकर

सुट्या भागांचं सांगतो. नाना पेठेत जुन्या टेम्पोचा माल ठेवणारी दुकानं आहेत, फोनवर दाद देत नाहीत, नग घेऊन उभं राहावं लागतं. पुढच्या काचेचं रबर नाहीच मिळालं तर दुसरा रस्ता बघा. मॅटाडोर १९६९ला इथं आली ती मूळ जर्मन गाडी. हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याची, पुढं हानोमाग कंपनीकडं गेली आणि १९७७पर्यंत तिकडं मर्सिडीज एल २०६ डी / एल ३०६ डी म्हणून विकली जायची. तिकडं त्या गाड्यांचे मोटरहोम करून जपणारे लोक अजून आहेत आणि रबरं-काचा त्यांच्यात फिरत असतात. फक्त आपल्याकडच्या बॉडीत मागून बदल झालेत, तेव्हा मागवायच्या आधी काचेचा घेर दोरीनं मोजा आणि रबराचा तुकडा आडवा कापून त्याचा फोटो मोजपट्टीसकट पाठवा.

चार लाखांत पत्रा, रंग, इंजिनाची कामं आणि टायर होतील. आतलं फर्निचर-सोलर पुढच्या वर्षी धरा.

दुधनाकाठ (सेलू)

सगळ्यांचे आभार. बोलेरो रद्द, एसी रद्द, मिस्त्री जरा नाराज. सोमवारी परभणीला जाऊन बॅकलॉगचं विचारतो, भावांकडून संमतीपत्रं मागवलीत. तोवर गाडी शेडमधून काढून गावात आणू म्हणतो. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढली तर चालेल?

लातूरकर डिझेल

आधी चारी ड्रम उघडा. इतकी वर्षं उभी म्हणजे ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असणार. तशीच ओढली तर चाक फिरणार नाही, घसटत येईल आणि लायनर उखडतील. ड्रम मोकळे झाले, हातानं चाक फिरलं, की कामापुरते जुने टायर लावा आणि गाडी ट्रेलरवर चढवा. दोरानं ओढायची तर ब्रेक पाहिजेत, ते तुमच्याकडं नाहीत. आणि खाली झोपायच्या आधी शेडमधला भुसा झाडून घ्या, काठीनं. उंदीर झालेत म्हणजे त्यांच्या मागं आणखी कुणी आलेलं असू शकतं.