प्रति: हार्ट फेल्युअरमध्ये चालायचं की नुसता आराम?
वर ताईंनी लिहिलंय की बाबांना हार्ट फेल्युअर (म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही) आहे म्हणून घरात कुणी त्यांना खुर्चीतून उठूच देत नाही, तर ताई असं नका करू हो, बसून राहिलं की पायांचे स्नायूच झिजतात आणि मग बाथरूमपर्यंत जायलाही धाप लागते. २००९ च्या एचएफ-अ‍ॅक्शन ट्रायलमध्ये (हार्ट फेल्युअरच्या पेशंटना व्यायाम देऊन केलेला अभ्यास) २३३१ पेशंट होते, त्यात व्यायाम सुरक्षित ठरला, फायदाही झाला, पण माफक. तब्येत स्थिर असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा, बोलता येईल इतपतच वेग. पणजीच्या मिरामार किनाऱ्याला सकाळी लवकर न्या, वाळूत नको, फुटपाथवरच, ऊन चढलं की आपली दमट हवा फार थकवते. दोन-तीन दिवसांत वजन २ किलो वाढलं किंवा पाय सुजले तर चालणं थांबवून आधी डॉक्टरांना फोन करा.