९ एमएम रीलोडिंग: क्रिम्प किती द्यायचा आणि कुठल्या डायने? (बजेट ५० डॉलर)

अवकाळी_पाऊस
नमस्कार मंडळी. ऑस्टिनला असतो, रीलोडिंग (वापरलेल्या केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या नळीत, नवी दारू आणि बुलेट भरून घरी काडतूस बनवणं) सुरू करून चार महिने झालेत. ९ एमएम ल्यूगर, रेंजवर वेचलेलं मिक्स पितळ (रिकाम्या पितळी केसा), ११५ ग्रेन वजनाची प्लेटेड बुलेट. डायचा (काडतूस दाबायच्या साच्यांचा) सेट तीनचा आहे, म्हणजे बुलेट बसवणं आणि क्रिम्प (केसचं तोंड बुलेटवर आवळणं) एकाच डायमध्ये उरकतं. दहातलं एखादं काडतूस चेंबरमध्ये पूर्ण जातच नाही, स्लाइड जरा अलीकडे अडकते आणि मॅचमध्ये मागचे लोक उसासे टाकतात. वेगळी डाय घ्यावी का? साधी टेपर क्रिम्प (तोंड न वळवता नुसतं आवळणारी) की कार्बाइड रिंगवाली (काडतूस बाहेरून परत दाबणारी)? बजेट ५० डॉलर, बायकोला तेवढेच सांगितलेत.

डॅलसचे_काका
५० डॉलरात काय होतंय रे, सरळ डिलन ७५० हे रीलोडिंगचं मशीन घे. माझ्या गॅरेजमध्ये आहे, बसवणं वेगळ्या स्टेशनला, क्रिम्प वेगळ्या स्टेशनला, हँडल ओढलं की काडतूस तयार. जावयाला म्हटलं शिकवतो तर तो म्हणे मी विकतच आणतो.

मॅग्नम_माने
क्रिम्प कमी पडतोय तुझा. मी .३५७ मॅग्नमला दाबून रोल क्रिम्प (तोंड आत वळवून) देतो, वीस वर्षांत एक बुलेट हलली नाही. डाय अजून अर्धा आटा खाली घे.

कोकणी_इन_ओहायो
माने, तुमचं रिव्हॉल्व्हर आहे हो! तिथे केस रिमवर (बुडाच्या कडेवर) टेकते आणि धक्क्याने बुलेट पुढे सरकू नये म्हणून रोल क्रिम्प लागतो. ९ एमएम केसच्या तोंडावर टेकतं, ते तोंडच आत वळवलं तर टेकणार कशावर? शिवाय मिक्स पितळाची लांबी कमीजास्त असते, म्हणजे एकाला क्रिम्प जास्त, दुसऱ्याला कमी. ९ एमएमच्या केसा कापत कोण बसतंय.

मॅग्नम_माने
मी अनुभव सांगितला. पुस्तकं मीही वाचलीत.

सुगरण_नेमबाज
पाऊस, डाय नंतर घे, आधी मोजमाप कर. तुझ्यासारख्या सेमी-ऑटो पिस्तुलात क्रिम्प म्हणजे बुलेट बसावी म्हणून केसच्या तोंडाला जी बेल दिली (तोंड जरा रुंद केलं) ती परत सरळ करणं, बास. बुलेट धरून ठेवते ती केसची पकड. बुलेट .३५५, भिंत साधारण .०११, दोन्ही बाजू धरून .३७७ इंच होतात. मी .३७७ ते .३७८ ठेवते. सामीची (अमेरिकेत काडतुसांची मापं ठरवणारी संस्था) कमाल .३८० आहे, त्याच्या वर गेलं की अडकणारच.

आणि पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघून बॅरल बाहेर काढ, काडतूस त्यात सोड. नीट असेल तर ठण्ण वाजून बसतं, गोल फिरतं, बॅरल उलटी केली की आपोआप पडतं. अडकलेलं काडतूस मार्करने काळं कर, परत सोड आणि फिरव. तोंडाशी रंग खरवडला तर बेल राहिलीये, बुलेटच्या उतारावर खरवडला तर काडतूस लांब झालंय, केसच्या पोटावर असेल तर फुगवटा आहे.

डॅलसचे_काका
बॅरलमध्ये सोडून बघ. मी पण हेच सांगणार होतो.

कोकणी_इन_ओहायो
ताईंना +१. उलट्या बाजूनेही चुकू नकोस. मी सुरुवातीला इतका क्रिम्प दिला की बुलेट उपसून बघितली तर प्लेटिंगवर नखाने ओढल्यासारखी गोल रेघ, आतलं शिसं दिसत होतं. वर पकड ढिली झाली, कारण पितळ थोडं मागे उसळतं आणि दबलेली बुलेट तशीच राहते. काडतुसाची लांबी मोज, बुलेट टेबलाच्या कडेवर अंगठ्याच्या जोराने दाब, परत मोज. आखूड झालं तर ते मारू नकोस. आतली जागा कमी झाली की प्रेशर चढतं, आणि ९ एमएम आधीच ३५,००० पीएसआयचं गिऱ्हाईक आहे.

बाणेरचा_बाब्या
पुण्यात घरी करता येतं का हे? बालेवाडीला १० मीटर एअर पिस्तूल मारायचो.

सुगरण_नेमबाज
नाही रे बाबा. शस्त्र कायदा १९५९, कलम ५, काडतूस बनवायला लायसन लागतं. तू छऱ्यांवरच खूश राहा.

मॅग्नम_माने
स्वप्नील कुसाळे कुठे रीलोड करतो? पॅरिसला कांस्य आणलंच ना.

कोकणी_इन_ओहायो
ते .२२ रिमफायर आहे माने, ते रीलोड होतच नाही. विषयावर या. पाऊस, साधी टेपर क्रिम्प डाय घे, बजेटमध्ये बसते. कार्बाइड रिंग अख्खं काडतूस परत दाबते, बुलेट जाड असली तर तीही आवळली जाते आणि पकड जाते.

सुगरण_नेमबाज
हेच. साधी टेपर. किंवा आहे तीच डाय दोनदा चालव, आधी फक्त बसव, मग आतली बुलेट दाबणारी दांडी वर करून फक्त क्रिम्प. फुकटात काम.

अवकाळी_पाऊस
काल रात्री मार्कर घेऊन बसलो. अडकणारी बारा निघाली. नऊ तोंडाशी खरवडलेली, कॅलिपरवर .३८२, .३८३. बाकी तिघांना पोटावर एकाच बाजूला ओरखडा, बुलेट तिरकी बसली असणार. दांडी वर करून परत दाबली तर नऊच्या नऊ ठण्ण! थँक्यू ताई.

पण त्या तिघांसाठी कार्बाइड रिंगवालीच ऑर्डर केली. माझी बुलेट .३५५ च आहे, बघू काय होतं ते.

कोकणी_इन_ओहायो
अरे, तिरकी बसते तर सरळ बसव ना! विचारलंस कशाला मग?

डॅलसचे_काका
जावई अगदी असाच आहे.