वॉचमनचा मधुमेह: दोष सवयींचा की पाळीचा?

धागाकर्ता (कर्वेनगर): आमच्या सोसायटीत रात्रपाळी करणाऱ्या वॉचमनला मधुमेह असल्याचे पायाची जखम चिघळल्यावरच कळले. त्यावर सभेत एक सदस्य म्हणाले, "ही माणसे दिवसभर तंबाखू मळतात, दुसरे काय होणार?" मला हे पटत नाही. बारा तासांची पाळी, सुट्टी घेतली की खाडा, आणि जागे राहण्यासाठी गोड चहा व टपरीवरचा वडापाव, यांतून साखर वाढली तर नवल ते काय? महाराष्ट्रासारख्या सधन राज्यांच्या शहरांत मधुमेहाचे प्रमाण गरीब थरात अधिक असल्याचे आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीने 2017 मध्येच दाखवले आहे.

पेठकर: सगळे परिस्थितीवर ढकलले की माणसाच्या हाती काही उरतच नाही. पगार तोच असूनही एक जण घरून भाजी-भाकरी आणतो, दुसरा आणत नाही. शिवाय 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) आजारपणाचे 70 टक्के वेतन वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते. सोयी आहेत, त्या घ्यायला नकोत का?

हडपसरची परिचारिका: पेठकर, ते वेतन डॉक्टरांनी आजारी ठरवलेल्याला मिळते, दरमहा साखर तपासण्यात जाणाऱ्या सकाळसाठी नाही. त्यातही सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि कंत्राटदाराने नावच नोंदवले नसेल तर सगळेच मुसळ केरात. केसपेपरची रांग लागते तेव्हा आमचे बहुतेक रात्रपाळीवाले कुणाच्या तरी गाड्या धूत असतात.

वाचक (वारजे): सवयींचा मुद्दा अगदीच खोटा नाही, परंतु पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांत केलेल्या अभ्यासात कमी वजनाच्या, किडकिडीत बाळांच्याही अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त आढळले. म्हणजे मधुमेहाचा हा धोका टपरी गाठण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

पेठकर: असेल. पण म्हणून तंबाखू निर्दोष ठरत नाही. आणि पाळी आठ तासांची केली तर मेंटेनन्स वाढेल, तो कोण भरणार?

धागाकर्ता: आपण सगळे. दोनाऐवजी तीन पाळ्या ठेवायच्या आणि कुणाचाही पगार न कापता एका माणसाचा खर्च वाढवायचा, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. तुमच्या सोसायटीत मांडाल का?

पेठकर: मांडीन, पण त्यात तंबाखूबंदीचे कलम घालूनच.